विशेषणं खोडणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही चहा टाकला असता, विषय बदलला असता आणि आभार तसेच राहिले असते. म्हणून चारचौघांत लिहिते. तुमचं नाव घालत नाही, आपल्या धर्मग्रामाचंही, म्हणजे पॅरिशचंही, नाही. वसईत आळी सांगितली की घर सापडतं.

माझा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. आपल्या ख्रिस्ती जोडप्यांना ही सोय २००१च्या दुरुस्तीने मिळाली. त्याआधी १८६९च्या कायद्यात आरोप सिद्ध केल्याशिवाय सुटका नव्हती, आणि बाईला तर नवऱ्याहून जास्त सिद्ध करावं लागे. कोर्टाचं मला फार जड गेलं नाही. जड गेला रविवार. ख्रिस्तप्रसादाच्या (कम्युनियनच्या) रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "तुला कसं चालतं गं?" पुढच्या महिन्यात मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचन करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव गेलं. कारण नाही, निरोप नाही. यादी नव्याने टाइप झाली, एवढंच. मग मी मिस्सेला जाणंच सोडलं. आईने क्रुसाकडच्या प्रार्थनेला जाणंही कमी केलं, कारण तिथे प्रार्थनेआधी चौकशा व्हायच्या.

तुम्ही दारात आलात त्या सिनडच्या, म्हणजे चर्चच्या विचारविनिमयाच्या, निमित्ताने. पोप फ्रान्सिस यांनी २०२१मध्ये जगभरच्या धर्मप्रांतांना सांगितलं होतं, लोकांचं ऐका, दूर गेलेल्यांचंही ऐका. आपल्याकडे प्रश्नावली मिस्सेनंतर वाटली, म्हणजे दूर गेलेले सोडून सगळ्यांना! तुम्ही उरलेला गठ्ठा भाजीच्या पिशवीत घातलात आणि मिस्सेला न येणाऱ्यांची दारं वाजवत निघालात. माझ्याकडे तुम्ही प्रश्नावली भरून घेतलीच नाही आधी. विचारलंत, "तुला ख्रिस्तप्रसाद नको, असं कुणी सांगितलं?" मी म्हटलं, सगळेच म्हणतात. त्यावर तुम्ही पिशवीतून झेरॉक्स काढल्या.

पहिली होती पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१च्या पत्राची. त्यात स्पष्ट लिहिलंय की घटस्फोट झाला पण दुसरं लग्न केलं नाही, अशा माणसाला ख्रिस्तप्रसादासारखे संस्कार घ्यायला आडकाठी नाही. दुसरी पोप फ्रान्सिस यांच्या २०१६च्या पत्राची. ते तर म्हणतात की अशांना ख्रिस्तप्रसाद घ्यायला प्रोत्साहन द्या. मधे पस्तीस वर्षं गेली, दोन्ही पोपांनी सांगितलं, आणि आमच्या आळीपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. आळीत पोचला होता तो फक्त धाक.

मग पत्र. माझा कच्चा खर्डा तीन पानांचा होता. तुम्ही लाल पेन घेतलंत आणि 'घोर', 'अमानुष', 'ढोंगी' असं एकेक खोडत गेलात. मला राग आला होता, आज सांगते. तुम्ही म्हणालात, "विशेषणावर वाद घालता येतो. तारखेवर काय घालणार?" उरलं अर्धं पान: यादीत नाव कधी होतं, कधी गेलं, आणि चर्चच्या कायद्यातलं कॅनन २१२, ज्यात प्रापंचिकांनी आपलं मत आदर राखून धर्मगुरूंना सांगणं हा हक्क, आणि कधीकधी कर्तव्यही आहे, असं म्हटलंय. दोन प्रती काढायला लावल्यात. एकीवर पॅरिश ऑफिसचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही, ही ताकीदही दिलीत. शाळेत इतकी वर्षं काढल्याचा हा फायदा असणार.

फादरांबद्दल खोटं कशाला बोलू? त्यांनी बोलावून घेतलं, वाचलं, आणि नाव परत आलं. मी तिथेच थांबले असते. तुम्ही मात्र, घटस्फोट झालेल्यांना ख्रिस्तप्रसाद चालतो अशी सूचना मिस्सेत वाचून दाखवा म्हणून मागे लागलात, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती वाचली गेली. पुढच्या आठवड्यापासून तुमच्या ओट्यावर चपला वाढल्या. चर्चकडून विवाह रद्दबातल ठरवून घेणं हे पैसेवाल्यांचं काम, असा आपल्याकडे पक्का समज. २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती प्रक्रिया सोपी केली, चर्चच्या दुसऱ्या न्यायासनानेही तोच निकाल दिला पाहिजे ही अट काढली, आणि शक्य तितकं हे काम विनामूल्य व्हावं असंही सांगितलं. हे तुम्ही कितीजणींना समजावलंत, त्यांचे अर्ज कार्बन लावून कसे लिहून दिलेत, ते मी पाहिलंय. आता तिथे मीही बसते. अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही.

एका बाबतीत मात्र आपलं जुळत नाही. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेल्यांच्या ख्रिस्तप्रसादाचं काय? माझी मामेबहीण दर रविवारी शेवटच्या बाकावर बसते आणि रांग सुरू झाली की पोराच्या बुटाची नाडी बांधायला वाकते. २०१६च्या पत्रात अशांच्या बाबतीत एकेकाची परिस्थिती पाहून, सोबत राहून विचार करायला सांगितलंय. तुम्ही म्हणता, घाई नको. मला वाटतं, घाई कसली, तिचा मुलगा पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वयाचा झाला.

त्याबद्दलचं पत्र मी लिहिलंय, विशेषणांशिवाय. तुम्ही सही करणार नाही म्हणालात. पण ऑफिसात पोच घ्यायला सोबत येणार आहात. बाई, खरंच, मनापासून आभार.

तुमची,
यादीत परत आलेली एक वाचक