मंत्र समजावू नकोस, पावती दाखव

ताई, नमस्कार. हे खरं तर पर्सनल मेसेजमध्येच लिहिणार होतो पण म्हटलं चारचौघांत लिहू, तुम्ही जे केलंत ते गुपचूप थँक्यू म्हणून उरकण्यासारखं नाहीये.

माझी परीकथा तुम्ही तीनदा वाचलीत. तीनदा! पहिल्या ड्राफ्टमध्ये दुष्काळ, राजा, चेटकीण सगळी मंडळी हजर, मजा तेवढी गायब, कारण मी चार पानं नुसते मंत्राचे नियम समजावत बसलेलो. तुमची व्हॉइस नोट आली, त्यात आधी एक मोठी जांभई (ऐकू आली हो) आणि मग एवढंच, "मंत्र समजावू नकोस, पावती दाखव."

काही झेपलं नाही मला. मग तुम्ही हॅमेलिनचा बासरीवाला काढलात, जर्मनीतल्या हॅमेलिन गावाची ती जुनी दंतकथा. मला वाटायचं ती उंदरांची गोष्ट. तर जुन्या नोंदींत उंदीर नाहीतच, ते सोळाव्या शतकात कधीतरी घुसले, त्याआधी एवढंच की २६ जून १२८४ ला एक बासरीवाला आला आणि गावातली १३० पोरं घेऊन गेला. तारीख आणि आकडा, बस, जकातनाक्यावर नोंद करावी तसं. आणि ज्या गल्लीतून पोरं गेली म्हणतात तिथे आजही वाजवायला-नाचायला मनाई! मी आधी हसलो, मग अंगावर काटा आला, आणि तेव्हा कुठे पावतीचा अर्थ डोक्यात शिरला.

मग चेटकीण निम्मी कापली आणि राजाचा कारकून आणला. दुष्काळात मेलेला शेतकरी दरवर्षी सारा भरायला येतो, वहीतून नाव कमी झालेलं नाही ना, आणि कारकून मान वर न करता म्हणतो, "इथे अंगठा." तो बिचारा म्हणतो, "अंगठा गळून पडला साहेब, हाड चालेल?" ही ओळ वाचून तुम्ही हसलात आणि रात्री लाइट चालू ठेवून झोपलात म्हणे, मला तर पुरस्कारच मिळाला.

शेवटी मी त्याला मुक्ती दिली होती ती तुम्ही खोडलीत, त्यावरून दोन दिवस फुगून बसलो, सॉरी. अजूनही वाटतं एखादी ओळ चालली असती. जाऊ दे.

नवीन गोष्ट घेतलीय. जादूचा आरसा आहे पण बोलत नाही, राजाचं नाव निघालं की नुसता खोकतो. पाठवू ना?