नोकरी सोडण्याची वेळ ठरवायला मदत केल्याबद्दल

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

नोकरी सोडून स्वतंत्रपणे डिझाइनची कामे घ्यावीत की नाही, हा प्रश्न घेऊन मी आपल्याकडे आले, तेव्हा आपल्याकडून होकार किंवा नकार ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. ‘सोडायची की नाही हे तुझे तू ठरव, कधी सोडायची ते मात्र हिशेबाला विचार,’ असे म्हणून आपण एक कोरा कागद पुढे ओढलात आणि त्यावर तीन रकाने आखलेत : काम पूर्ण झाल्याची तारीख, बिल पाठवल्याची तारीख आणि पैसे खात्यात जमा झाल्याची तारीख. त्या कागदाबद्दल आणि पुढे वेळोवेळी दिलेल्या सल्ल्याबद्दल मी आपले जाहीर आभार मानते.

पगारदार माणसाला या तारखांमधले अंतर जाणवत नाही, कारण ते मालक सोसत असतो. महिन्याच्या 1 तारखेला सुरू केलेल्या कामाचे बिल महिनाअखेरीस गेले आणि ग्राहकाने 45 दिवसांची मुदत घेतली, तर पैसे हाती येतात ते साधारण 75 दिवसांनी. म्हणजे कामाची रेलचेल असतानाही अडीच महिने घर शिलकीवर चालवावे लागते. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामांच्या तारखा मी भरत गेले, तसे दिसू लागले की चांगले ग्राहकसुद्धा मुदत उलटून जाऊ देतात आणि त्यांना आठवण करून देणे हाही कामाचाच भाग आहे. किती महिन्यांचा खर्च गाठीशी हवा, याचे नेमके उत्तर मला त्या तिसऱ्या रकान्यानेच दिले.

दराचा हिशेबही आपणच मांडायला लावलात. वर्षाच्या 365 दिवसांतून शनिवार-रविवारचे 104 गेले की 261 उरतात आणि सुट्ट्या, आजारपण यांचे तीसेक दिवस वजा केले की सुमारे 230. त्यातला एक तृतीयांश वेळ नवी कामे मिळवणे, अंदाजपत्रके देणे आणि वसुली यांत गेला, तर ज्यांचे बिल लावता येईल असे दिवस दीडशेच्या आसपासच राहतात. पगाराला 261 ने भागून दर ठरवणारा माणूस पहिल्या दिवसापासून तोट्यात असतो; विमा आणि भरपगारी रजा यांचा तर त्यात विचारही नसतो.

नोकरी करता करता व्यवसाय करणे म्हणजे अर्धवट मनाने करणे, असे मला अनेकांनी ऐकवले होते. आपण जोसेफ रॅफी आणि जिए फेंग या संशोधकांचा 2014 चा अभ्यास दाखवलात. नोकरीत राहून सुरुवात करून नंतर पूर्णवेळ उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याचे प्रमाण, थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याचे त्यात आढळले आहे. हा मार्ग मुळात सावध माणसे अधिक निवडतात, हे खरे. तरीही पगार चालू असताना धंद्याचा अंदाज घेता येतो आणि न जमल्यास मागे फिरता येते, हा लाभ मला मोठा वाटतो. बाहेरचे पहिले काम स्वीकारण्यापूर्वी नेमणूकपत्रातील अटी वाचून घ्यायलाही आपणच सांगितले होते.

दोन मोठी कामे हाती आली आणि मी राजीनाम्याचा मसुदा आपल्याला दाखवला, तेव्हा आपण एवढेच विचारलेत, ‘दोन्ही कामे एकाच ग्राहकाची ना?’ निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच ठिकाणाहून येत असेल तर मालक फक्त बदलतो, हे आपले म्हणणे मला तत्काळ पटले. आणखी दोन ग्राहक नियमित झाल्यावर आणि तिसऱ्या रकान्यातील तारखा पुरेशा जवळ आल्यावरच मी तो मसुदा कार्यालयात दिला. आज माझी बिले वेळेवर जातात, दर माझ्या हिशेबाने ठरतात आणि या दोन्हींचे श्रेय मी मनापासून आपल्याला देते.

आपली कृतज्ञ,
एक जुनी सहकारी