तिकिटं काढलीत, आता नाही म्हणू नका

ती. आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मग मीही, म्हणून लिहितेय. मी काँट्रॅक्ट अजून दोन वर्षांनी वाढवलंय. कालच सही केली. फ्लॅटचे हप्ते आहेत, इथली माणसं चांगली आहेत, आत्ता परत आले तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि दोन वर्षं म्हणजे फार नाहीत ना? दिवाळीला येते म्हणाले होते तेही जमत नाहीये, म्हणून जानेवारीची तुमचीच तिकिटं काढली.

आई, होलटाउनचं हे घर तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, कमोड आहे, कुकर मी घेऊन ठेवलाय. नळाचं पाणी तसंच पितात, बार्बाडोसला बहुतेक ठिकाणी खाली चुनखडी आहे, त्यातून गाळूनच येतं. समुद्र चालत पाच मिनिटांवर आणि अगदी शांत, वेंगुर्ल्यासारखा ओढत नाही. फोकस्टोनला काचेच्या तळाच्या बोटीतून मासे बघू, हॅरिसन्स केव्हमध्येही ट्राममध्ये बसवूनच फिरवतात, तुझ्या गुडघ्यांना काही त्रास नाही. बाथशेबाला मात्र अटलांटिकच्या लाटा आहेत, तिथले मोठे खडक लांबूनच बघायचे.

बाबा, इथे एक स्मारक आहे, इंग्रजांचं जहाज आलं 1625 ला आणि दगडावर कोरलंय 1605! पेपरातल्या चुकांवर लाल पेनाने गोल करता ना, मला तेच आठवलं. आणि केन्सिंग्टन ओव्हल, इथून बसने जाता येतं. 1971 ला गावसकरांचे तिथले नाबाद 117, ती गोष्ट ऐकल्याशिवाय मी झोपायचे नाही, तुमच्या पोटावर डोकं ठेवून, आणि 2024 ला त्याच ग्राउंडवर सूर्याने तो कॅच घेतला तेव्हा आपण तिघं फोनवर किती ओरडलो. तिथे मला तुमच्या शेजारी बसायचंय.

आता नीट ऐका. बाबांची ती मिलिटरी डिझाइनची टोपी घरीच ठेवायची, इथे सामान्य माणसाने तसले कपडे घालणं कायद्याने बंद आहे. आई, किनाऱ्यावर मँचिनीलची झाडं आहेत, हिरवी छोट्या सफरचंदासारखी फळं, विषारी असतात, बऱ्याच खोडांवर लाल पट्टा असतो. पडलेलं फळ उचलायचं नाही, पावसात त्या झाडाखाली उभं राहायचं नाही. तू उचलशीलच म्हणून आत्ताच सांगतेय. स्टेंटच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत. लोणचं डबल पिशवीत.

रागावला असाल तर रागवा, पण या. इथे मक्याच्या पिठात भेंडी घालून कूकू करतात, आई, तुला आवडेल असं वाटतंय, नाहीच आवडलं तर मी रोज तुला वरण-भात करून घालीन.

तुमची,
छकुली