चार बोटी आणि मामाची पिवळी साडी

गुहागर
लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आत्याच्या चिमीचं लग्न वेळेवर लागलं. चिमी रडली, आत्या तिच्यापेक्षा जास्त रडली, आणि अळूचं फदफदं दुसऱ्या पंगतीला पुरलं नाही म्हणून काकांनी आचाऱ्याला धारेवर धरलं. फोटो दादाच्या मोबाइलवर पाहिलेच असतील. त्यात जे आलं नाही ते लिहिते.

सगळी मंडळी रेल्वेने चिपळूणला उतरून आली. मी पाण्यानेच आले. "वेडी झालीस का?" हे फोनवर दोघांचंही म्हणून झालंय, तेव्हा परत नको. आई, तू साडीला बांधून दिलेल्या पाच प्लॅस्टिकच्या पिशव्या मी एकही सोडली नाही. वाटेत बोटीत चढायचं ते चारदाच. पाचवी पिशवी कशासाठी होती, ते तूच जाणे.

पहिला टप्पा भाऊच्या धक्क्यावरून मांडवा. गाडी बोटीच्या पोटात, आम्ही मायलेकी वरच्या मजल्यावर. तासाभराचाच प्रवास. आजी १७ जुलै १९४७ ही तारीख पाढ्यासारखी म्हणायची, ते आठवलं. 'रामदास' याच धक्क्यावरून रेवसला निघाली होती आणि सहाशेवर माणसं घेऊन बुडाली. रेवस मांडव्याच्या शेजारीच. तुमची नात कठड्याला टेकून फोटो काढत होती. मी काही बोलले नाही, फक्त तिचा दंड धरून ठेवला.

पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांडा. खाडीच्या तोंडाशी जंजिरा, पलीकडे दिघी. इथल्या फेरीबोटीत गाडी उलटी चढवावी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओहोटीमुळे उतार चांगलाच तीव्र. मागे रांग, पुढे पाणी, आणि तिकीटवाला पोरगा ओरडतोय, "मॅडम, डावी मारा, डावी!" शेवटी मासळीची टोपली घेऊन बसलेली एक कोळीण उठली आणि "ये बाय, ये, ये... बस्स!" करत तिने गाडी जागेवर लावून घेतली. वीस वर्षं गाडी चालवते म्हणून मिरवत होते, ते तिथेच उतरलं.

बागमांडल्याला आमच्या पुढे कपाटांनी भरलेला टेम्पो होता. तो चढला आणि बोट भरली. पुढच्या फेरीपर्यंत धक्क्यावर कोकम सरबत पीत बसलो. मग सावित्री ओलांडून वेसवी, आणि केळशी मागे टाकून आंजर्ले.

बाबा, तुमच्या तरीच्या जागी आता पूल आहे. दोन मिनिटांत पलीकडे. मला उगाच चुकल्यासारखं वाटलं. हर्णैला मात्र थांबलेच. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता, आणि समोर सुवर्णदुर्ग. आगबोट नेमकी कुठे उभी राहायची, ते तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की मी तुमच्या नातीला बोटाने दाखवलं. तिथपर्यंत पडावातून जायचं, लाट वर आली की खलाशाने तुम्हाला बोचक्यासारखं उचलून आगबोटीच्या दारात टाकायचं, आणि आजीने खालून ओरडायचं, "आधी ट्रंक घ्या, पोरगा येईल!" ही गोष्ट मी आजवर अर्धीच खरी धरत होते. परवा त्या पाण्याचा हेलकावा बघितला. आता पूर्ण खरी धरते. ट्रंकेसकट.

दाभोळला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. फेरीत आमच्या शेजारी बेंजोवाल्यांची गाडी, कुठल्यातरी हळदीला निघालेली. आम्हीही लग्नालाच चाललोय हे नातीच्या तोंडून कळल्यावर त्यांनी वाद्यं बाहेर काढली. वाशिष्ठीच्या मधोमध ढोलकी सुरू! दुचाकीवरचे दोन पाव्हणे नाचले, एक आजोबा नुसतेच टाळ्या वाजवत राहिले. धोपावे कधी आलं कळलं नाही. बेंजोवाल्या पोराच्या हाताला हळद होती, ती माझ्या तिकिटाला लागली.

आता खरं सांगायचं ते. गौरीहरापाशी चिमी तुम्ही दिलेली साडी नेसून बसली होती. गुरुजींनी हाक दिली, "मुलीचे मामा कुठे आहेत?" मांडव एकदम गप्प. आत्याने मान खाली घातली. मी पुढे झाले. म्हटलं, मामांनी मला पाठवलंय. गुरुजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि म्हणाले, "या." चिमीचा हात धरून मी तिला बोहल्यावर आणलं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभी राहिले. ती हळूच विचारत होती, "मामा रागावलाय का गं?"

मी नाही म्हटलं. पण बाबा, तुम्ही गुडघ्यांचं कारण सांगून घरी बसलात, ते मला पटलेलं नाही. तुम्हाला वाटलं, आपलं ओझं होईल. म्हणून मी वाटभर तुमच्या गुडघ्यांच्या नजरेने बघत आले. चारही ठिकाणी गाडी थेट बोटीत जाते. मांडव्याच्या बोटीत तेवढा वर जायला जिना आहे. बाकी तिन्ही खाड्यांत तर गाडीतून उतरायचीही गरज नाही. काच खाली केली की पाणी हाताच्या अंतरावर.

चिमीचा दिवाळसण इथेच, आत्याकडे. तुम्ही दोघं धनत्रयोदशीच्या आधी माझ्याकडे मुंबईला या, पुढचं माझ्यावर. आई, तू मागच्या सीटवर डोळे मिटून बसलीस तरी चालेल. आत्याला मी अजून काही सांगितलेलं नाही, तुमचं उत्तर आल्यावर सांगेन.

चारही तिकिटं सोबत ठेवली आहेत. हळदीचं आहे ते दाभोळचं.

तुमची,
बाळी