चिठ्ठीत नसलेलं पाहिल्याबद्दल

डॉक्टरबाईंना सप्रेम नमस्कार,

तुमच्याकडे रोज माणसांची रीघ, त्यामुळे मी लक्षात असेन असं नाही. मुतखड्याची चिठ्ठी घेऊन सोनोग्राफीसाठी म्हापशाला आलेला डिचोलीचा मास्तर, तेव्हा वय 67. चतुर्थी चार दिवसांवर होती आणि गणपतीच्या वर बांधायच्या फळांच्या माटोळीचं सामान घ्यायचं म्हणून मी तुम्हाला घाई करत होतो.

खडा लगेच सापडला, तांदळाच्या कणीएवढा. चिठ्ठीतलं काम संपलं होतं. पण तुम्ही पोटावर फिरवायचा तो प्रोब उचलला नाही. तो पोटाच्या मधोमध आणलात आणि गप्प झालात. पेपर तपासताना एखादं उत्तर खटकलं की मीही असाच गप्प होतो, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"विडी ओढता, मास्तर?"

"सोडून बारा वर्षं झाली."

"म्हणजे ओढत होतात."

मग तुम्ही मशीनचा पडदा माझ्याकडे वळवलात. बाहेर लोक खोळंबले होते, तरी. एक काळं वर्तुळ ठोक्यागणिक उडत होतं. तुम्ही सांगू लागलात: हृदयातून निघून पोटात उतरणारी ही महाधमनी, इथे साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते, 3 च्या वर गेली की ॲन्युरिझम, म्हणजे फुगा, म्हणायचं, तुमची 4.7 आहे. मला सायकलची जुनी ट्यूब आठवली. एका जागी रबर पातळ झालं की हवा तिथेच फुगा काढते. तुम्ही म्हणालात, अगदी तसंच. तंबाखूने, वयाने, बीपीने भिंतीतला ताणून परत येणारा धागाच झिजतो, आणि जेवढा फुगा मोठा तेवढा भिंतीवरचा ताणही मोठा. दुखत मात्र नाही. फुटल्यावर बरेच जण इस्पितळाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

पुरुषांत 5.5 पर्यंत सहसा थांबतात, कारण तोवर फुटण्यापेक्षा ऑपरेशनचाच धोका जास्त, हेही तुम्हीच समजावलंत. "म्हणजे अजून 8 मिलिमीटर शिल्लक," मी म्हटलं, आणि तुम्ही हसलात. त्या हसण्याने मी घरी जेवू शकलो, नाहीतर बायकोला काय सांगणार होतो? पोटात किंवा पाठीत एकाएकी जबर कळ आली, घेरी आली, तर गॅस समजून ओवा चावत बसू नका, 108 ला फोन करा, असं दोनदा बजावलंत. त्या वर्षी माटोळीचे नारळ पुतण्याने बांधले. मी खाली उभा राहून चुका काढल्या.

पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी मोजमाप. गेल्या वर्षी 5.6 झालं. दोन्ही जांघांतून बारीक छेद घेऊन तारांच्या जाळीची कापडी नळी आत नेऊन उघडली. आता रक्त त्या नळीतून जातं, फुग्यावर दाब येत नाही. चौथ्या दिवशी घरी आलो. तपासणी मात्र जन्मभर आहे, नळीच्या कडेने रक्त झिरपत नाही ना ते पाहायला. पोटातल्या महाधमनीवर ही युक्ती 1990 मध्ये अर्जेंटिनाच्या पारोदी नावाच्या सर्जनने पहिल्यांदा केली, असं नंतर वाचलं. आइनस्टाइनलाही हाच आजार होता. 1948 मध्ये निसेन या सर्जनने त्याच्या महाधमनीला चक्क सेलोफेन गुंडाळलं, त्यावर तो सहा वर्षांहून जास्त जगला. इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण वर्गात हे कधी सांगितलं नाही याची खंत आहे.

आभार त्या दोन मिनिटांचे, जी चिठ्ठीत नव्हती.

आणखी एक. सख्ख्या भावालाही तपासा, असं तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात. भाऊ पेडण्याला असतो, 74 वर्षांचा, विडी अजून चालू, आणि "मला काय धाड भरलीय" हे उत्तर गेली तीन वर्षं चालू. परवा माझ्या जांघेतले व्रण बघून एकदाचा तयार झाला. येत्या शुक्रवारी बाजाराआधी घेऊन येतो, उपाशीपोटी. भाजी-पाव नंतर देईन, असं कबूल केलंय.

तुमचा,
डिचोलीचा मास्तर