एकाच रिळाची तीन नावे: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: नाव बदलून विकली जाणारी मासेमारीची रिळे आणि त्यांच्या खोक्यांवरचे दावे.

महोदय,
सविनय नमस्कार.

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर वर्तमानपत्राच्या पानावर तीन रिळे उघडून ठेवली आहेत. एक माझे, एक शेजारच्या काकांचे, तिसरे माझ्या भाच्याचे. कंपन्या तीन, रंग तीन. माझे १,८५० रुपयांचे, काकांचे २,९०० चे आणि भाच्याचे ४,६०० चे. स्क्रू काढल्यावर काका एवढेच म्हणाले, "ह्यां तर त्यांच आसा!" आतली दातेरी चाके तीच, कवचाच्या आतल्या बाजूला साच्याची खूण तीच. माझे स्पूल (दोरी गुंडाळायची चकरी) भाच्याच्या रिळावर बसते, काकांचे हँडल माझ्या रिळाला लागते.

आमच्या सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या खाडीवर आजही बरेच जण हातानेच गरवतात, म्हणजे गळ टाकून मासे धरतात. फळकुटाला नाही तर बाटलीला तंगुसाची (नायलॉनची) दोरी गुंडाळायची, गरीला म्हणजे गळाला जिवंत सुंगट (कोळंबी) लावायचे आणि बोटांतून दोरी सोडत बसायचे. मोठा मासा लागला की बोटे कापतात. ते टळावे म्हणून माणूस काठी आणि रीळ घ्यायला बघतो. घेणारा नेहमी हौशी पर्यटकच असतो असे नाही. माझा भाचा होडीवर कामाला जातो. सुट्टीच्या दिवशी तो तांबोशी आणि जिताडे धरून विकतो, त्यातून घरखर्चाला हातभार लागतो. ४,६०० रुपये त्याने चार महिन्यांत साठवले होते.

त्याच्या खोक्यावर लिहिले होते: कमाल ड्रॅग (म्हणजे ब्रेक) १५ किलो, बेअरिंग १३+१, संपूर्ण धातूचे, खाऱ्या पाण्यासाठी, जपानी तंत्रज्ञान. नोव्हेंबरात खाडीच्या तोंडाशी त्याला तांबोशी लागली. हा मासा गरी लागताच पहिल्या झेपेत कातळाच्या कपारीकडे धावतो. तिथे त्याला दोन-तीन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर) अडवता आले तरच तो हाती लागतो. भाच्याने ड्रॅग आवळला, तर आधी तो घसरला, मग एकदम जाम झाला आणि दोरी तुटली. त्याच झटक्यात हँडल उलटे फिरून त्याच्या बोटांच्या पेरांवर आपटले. उलटे फिरू न देणारे जे बेअरिंग असते, खोक्यावरच्या १३+१ मधले '+१', नेमके तेच सुटले होते.

ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. माशाने ओढले की ठरलेल्या ताणाला दोरी सुटत जावी आणि तुटू नये, एवढेच त्याचे काम. आम्ही सामान तोलायचा काटा दोरीला बांधून ओढून पाहिला. १५ किलो लिहिलेल्या त्या रिळाची दांडी सहा किलोलाच वाकू लागली. आणि सहाचे खरोखर पंधरा झाले असते तरी त्या आकड्याचा उपयोग काय? २० पौंडी दोरी नऊ किलोच्या आसपास तुटते. जाणकार माणूस ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतो, म्हणजे सव्वादोन ते तीन किलोवर. त्या ताणाला ड्रॅग न अडकता, लोण्यासारखा सुटतो की नाही हे गिऱ्हाइकाला कळायला हवे. शिवाय स्पूलवरची दोरी कमी होत जाते तसा तोच ब्रेक जास्त जड लागतो. ताण कुठे आणि किती दोरी असताना मोजला हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

बेअरिंगचेही तसेच. आम्ही मोजली, तेरा नव्हतीच. पाच निघाली, त्यातल्या दोनांना एका हंगामातच गंज चढलेला. बाकीच्या जागी प्लॅस्टिकची कडी होती. खरे तर चार-पाच चांगल्या, झाकलेल्या बेअरिंगांचे रीळ वर्षानुवर्षे गोड चालते. आकडा मोठा म्हणजे माल चांगला ही समजूतच मुळात जाहिरातीने घातली आहे. 'संपूर्ण धातू' म्हणाल तर एका बाजूचे झाकण रंगवलेले प्लॅस्टिक होते.

महोदय, नाव बदलून विकणे हा गुन्हा आहे असे माझे म्हणणे नाही. चीनमध्ये निंगबो, वेहाई अशा शहरांतले कारखाने मागणीप्रमाणे रंग, नाव आणि खोके लावून रिळे बनवून देतात, आणि त्यांतली कित्येक चांगली असतात. शिमानोसारखी १९२१ साली जपानमधल्या साकाई शहरात सुरू झालेली कंपनीसुद्धा आपली काही रिळे मलेशियात बनवते, आणि त्यात काहीच वावगे नाही. माझी तक्रार आहे ती लपवण्याबद्दल. एकाच कारखान्याच्या एकाच मालाला तीन नावे देऊन अडीचपट किंमत लावायची, वर 'जपानी तंत्रज्ञान' म्हणायचे आणि बनवले कोणी ते कुठेच सांगायचे नाही. खोक्याच्या तळाला बारीक अक्षरात चीन लिहिलेले सापडले, भिंग लावून.

या लपवाछपवीचा सर्वांत मोठा फटका दुरुस्तीत बसतो. भाच्याने विक्रेत्याला विचारले, त्याने आयातदाराकडे बोट दाखवले, आयातदार म्हणाला सुटे भाग येत नाहीत, नवीन घ्या. पण तो भाग माझ्या १,८५० च्या रिळात आहेच! तिघांचा कारखाना एक आहे हे खोक्यावर लिहिलेले असते, तर मालवणातला दुरुस्ती करणारा माणूस दोन बिघडलेल्या रिळांतून एक चांगले करून देऊ शकला असता. आपल्याच खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने घेतली. शेतकऱ्याच्या अवजाराचा विचार झाला याचा मला आनंद आहे. मग मासे धरणाऱ्याच्या अवजाराचाही व्हावा.

कायदा आपल्याकडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणे हीसुद्धा दिशाभूल करणारी जाहिरात धरली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख आणि पुन्हा केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दावा सिद्ध करता आला पाहिजे, आणि शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेले लागेबांधे उघड केले पाहिजेत. फुकट मिळालेले रीळ हातात धरून 'समुद्रासाठी एक नंबर' म्हणणाऱ्या व्हिडिओंनाही हे लागू आहे. भाच्याने असाच एक व्हिडिओ बघून खरेदी केली होती.

माझी मागणी मोठी नाही. आयात केलेल्या रिळाच्या खोक्यावर आणि विक्रीच्या पानावर आयातदार आणि देश यांच्यासोबत प्रत्यक्ष बनवणाऱ्या कारखान्याचे नाव आणि त्याचा मूळ मॉडेल क्रमांक छापणे बंधनकारक करावे. ड्रॅगचा आकडा लिहायचा असेल तर तो कसा मोजला हेही लिहावे. प्राधिकरणाने बाजारातून दहा-वीस रिळे स्वतः विकत घ्यावीत, उघडून बेअरिंग मोजावीत, काटा लावून ड्रॅग ओढून पाहावा आणि निकाल नावांसकट जाहीर करावेत. याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आम्ही ते पडवीत बसून एका दुपारी केले.

तिन्ही रिळे, त्यांची खोकी आणि तिन्ही पावत्या मी आता एका डब्यात बांधून ठेवत आहे. आपले कार्यालय सांगेल त्या पत्त्यावर तो डबा स्वखर्चाने पाठवीन. भाच्याचे रीळ द्यायला तो तयार आहे. तो सध्या पुन्हा हातानेच गरवतो आहे.

आपला,
आचरा खाडीकाठचा एक ग्राहक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग