नकार देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

मिस्त्रीकाका,

स.न.वि.वि.

जुन्या 28 इंची रॉड-ब्रेकवाल्या (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या) सायकलला विजेची मोटर बसवून दिलीत, त्याचे आभार तोंडी मानून झाले. हे पत्र तुम्ही जे करायला साफ नकार दिलात, त्यासाठी. पहिल्यांदाच अशी सायकल बांधणाऱ्यांच्या ते उपयोगी पडेल, म्हणून उघडपणे लिहितो आहोत.

पहिला नकार पेट्रोलच्या इंजिनाला. त्या किटचं मागचं दातेरी चक्र नऊ बोल्टांनी स्पोकांच्या मधून आवळतात. त्याची भोकं 36 स्पोकांच्या चाकाला जुळणारी, आणि आपल्या मागच्या चाकाला स्पोक 40. ओढूनताणून बसवलं तर चक्र आउट, म्हणजे वाकडंतिकडं, फिरतं आणि चेन उडते. शिवाय इंजिन लागलं की कायद्याने ते मोटार वाहन: नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं. 0.25 किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी 25 किमीच्या आत राहणारी, बॅटरी वगळून 60 किलोपर्यंत वजनाची विजेची सायकल त्यातून सुटते. त्यातही चाचणी संस्थेच्या मान्यतेची अट आहे. घरी बांधणारे नेमकं तेच विसरतात.

दुसरा नकार मोटर मागे बसवायला. मागच्या हब मोटरला, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या मोटरला, फ्रेमच्या दोन पायांमध्ये 135 मिमी जागा लागते. जुन्या सिंगल स्पीड फ्रेमला मागे जेमतेम 110 ते 115 मिमी असते. वीस मिमी फाकवायचं म्हणजे पितळेने जोडलेल्या सांध्यांवर घाव. म्हणून मोटर पुढे. पुढच्या चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांमध्ये, साधारण 91 मिमी असतात आणि मोटर मागते 100. एवढं अंतर लोखंडी चिमटा सोसतो. आट्यांचा रॉड आणि दोन नट घेऊन तो हळूहळू उघडायचा, मग दोरी लावून दोन्ही पाय मध्यरेषेपासून सारखे आहेत ना ते बघायचं. अॅल्युमिनियमच्या चिमट्यावर हा प्रयोग कुणी करू नये.

आता आसाची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त धोका तिथेच आहे. मोटरचा आस 12 मिमीचा, दोन बाजूंनी सपाट करून 10 मिमीचा. तो ज्यात बसतो ती चिमट्याची खाच 8 मिमीची. तुम्ही दोन्ही कडांना कानशीने एकेक मिमी घासलंत, खोली मात्र वाढवली नाहीत. मोटर जोर लावते तेव्हा आस उलटा फिरू बघतो. चिमट्याच्या पातळ पत्र्याला तो जोर पेलत नाही. खाच रुंदावते, आस गरकन फिरतो आणि त्यातून बाहेर येणाऱ्या वायरी पिळून तुटतात. म्हणून दोन्ही बाजूंना 5 मिमी जाडीच्या पोलादी पट्ट्या, 10 मिमी खाचेच्या, क्लॅम्पने चिमट्याला आवळलेल्या. वेल्डिंगला तुम्ही हात लावू दिला नाहीत. रंग जळाला असता आणि चिमट्याची नळीही कमजोर झाली असती.

तिसरा नकार जुन्या पुढच्या रिमला. तिला स्पोकची भोकं 32, मोटरच्या हबला 36. नव्याने भोकं पाडण्याऐवजी तुम्ही 36 भोकांची, 622 मिमी व्यासाची दुहेरी भिंतीची रिम घेतलीत. मोटरचा फ्लँज (स्पोक अडकतात ती कडा) मोठा, म्हणून स्पोक एकदाच ओलांडून विणलेत. तीनदा ओलांडले असते तर रिमकडच्या टोकाला, निपलपाशी, तिरके वळून तिथेच तुटले असते. नवं चाक पन्नासेक किमी चाललं की स्पोक सैल होतात, तेव्हा पुन्हा आउट काढायला या, असंही बजावलंत.

त्या रिमने ब्रेकचाही प्रश्न सुटला. जुनी रिम 635 मिमीची, म्हणजे ब्रेकपट्ट्या आता साडेसहा मिमी खाली हव्यात. लांब पायांचा कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक, मडगार्डच्या भोकात बसवलात आणि त्याला स्विच असलेली लिव्हर जोडलीत, म्हणजे दाबताक्षणी मोटर बंद. मागचा रॉड-ब्रेक तसाच ठेवलात, फक्त दांडीवर चुंबकाचा स्विच चढवला. ओल्या क्रोमच्या रिमवर त्या ब्रेकचा भरवसा नाही, हे पावसात रॉड-ब्रेक चालवलेला कुणीही सांगेल. पुढच्या रॉडची लिव्हर आता नुसती शोभेला!

पायडल फिरतंय हे ओळखून मोटर चालू करणाऱ्या सेन्सरची चकती बसवायला डावी क्रँक (पायडलचा दांडा) काढावी लागते. क्रँक घट्ट धरणाऱ्या कॉटर नावाच्या खिळीचा नट आट्यांच्या टोकाशी समपातळीत आणायचा, क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार द्यायचा आणि एकच दणका. टुकटुक मारत बसलं की कॉटर फुलतो, मग ड्रिलशिवाय निघत नाही. परत बसवताना दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे, नाहीतर पायडली एका रेषेत येत नाहीत. चकती उलटी लागली तर पुढे पायडल मारून मोटर चालूच होत नाही. असं झालं की लोक आधी कंट्रोलरला, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डबीला, शिव्या घालतात.

वायरिंगबद्दल थोडकंच. 36 व्होल्टची बॅटरी भरल्यावर 42 दाखवते, साधारण 30 वर तिचं संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं. मोटरच्या तीन जाड वायरी आणि हॉल सेन्सरच्या (मोटर कुठे फिरली ते सांगणाऱ्या) पाच बारीक वायरी कंट्रोलरशी नीट जुळल्या नाहीत तर मोटर गचके देते आणि तापते. बॅटरी कॅरिअरवर न ठेवता फ्रेमच्या त्रिकोणात, रबर घालून पट्ट्यांनी बांधलीत. त्यामुळे तोल बिघडला नाही आणि दांड्यावरच्या सोनेरी रेघाही शाबूत राहिल्या. प्रत्येक जोडाआधी वायर खाली झोल देऊन आणलीत, म्हणजे पाणी जोडात न शिरता झोलातून गळून जातं.

पुढच्या आठवड्यात आउट काढायला सायकल घेऊन येतो. पट्ट्यांचे क्लॅम्पही तेव्हाच पुन्हा आवळून घेऊ.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
सायकलवाले